पोती खाटेवर होती

रिहे,
शुक्रवार, १२ सप्टेंबर २०२५

ती. वन्संना,
हौसाचा नमस्कार. मी बरी आहे. मारुंजीला तुम्ही सगळे बरे असाल असं धरून चालते.

त्या सकाळी मी आधी गोठा लोटला. धार काढली. चुलीवर पाणी ठेवलं आणि नळाला साडेसहाला पाणी येतं म्हणून हंडे दाराशी लावले. हे अजून अंथरुणात होते. एरवी माझ्याआधी उठून खाचराचे बांध बघून यायचे. मी म्हटलं, "उठताय का वतू हंडा?" ते हसले. म्हणजे साडेसहाला हसत होते. तेवढं मला पक्कं आठवतं.

मग म्हणाले, पोटात दुखतंय. मी ओवा आणि मीठ दिलं, वर लिंबाचं पाणी. पापण्या अर्ध्याच उघडत होत्या. मी म्हटलं, "झोप झाली न्हाई वाटतं राजाची." दुसऱ्या घोटाला ठसका लागला, पाणी नाकातून आलं. मी पदराने तोंड पुसलं आणि धुणं भिजवायला गेले. धुणं भिजवून आले तेव्हा त्यांची मान उशीवरून उचलत नव्हती. मग मी तुमच्या इंद्रजितला फोन केला.

हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. तेराव्याला मी सगळ्यांसमोर सांगितलं होतं. एक गोष्ट सोडून. ती लिहायलाच बसले आहे, पण आधी इकडचं लिहिते.

गाय व्यायली, कालवड झाली. वरच्या अंगाला आणखी एक फार्महाऊस झालं, त्यांचा कुत्रा आमच्या कोंबड्या नेतो. भात यंदा बरं आहे. वर्षश्राद्धाला तुमची वाट पाहिली. तुम्ही आला नाहीत, त्याचा राग नाही. मीही आले नसते.

आज शाळेत प्रथमोपचाराचं शिक्षण होतं. आज आणि उद्या, दोन दिवस. आरोग्य खात्यातून जुईली नावाची मुलगी आली आहे, तुमच्या धाकट्या सुनेएवढी असेल. तिने रबराची बाहुली आणली होती, नुसतं धड आणि डोकं. श्वास बंद पडला तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी कसं दाबायचं ते दाखवलं. सरपंचांच्या रेश्माला पुढे बोलावलं तर ती म्हणाली, "बाई, ही उठून बसली आन च्या मागितला तर कोन देनार?" बाया खूप हसल्या. मीही हसले असेन.

भाजलं तर टूथपेस्ट लावायची नाही, हळद नाही, नुसतं गार पाणी ओतत राहायचं, वीस मिनिटं. रक्त वाहिलं तर स्वच्छ फडकं घट्ट दाबून धरायचं, सारखं उचलून बघायचं नाही. फिट आली तर कांदा आणि चप्पल नाकाला लावायची नाही, कुशीवर वळवायचं. त्यावर एक म्हातारी म्हणाली, "मग आमी इतकी वर्सं चपला कशाला झिजवल्या?" आणि प्रत्येक गोष्टीला १०८ ला फोन. आमच्यात कोणी १०८ लावत नाही. आपण आपल्या माणसाला फोन लावतो.

जुईलीने एक पुस्तिका दिली. कोणीतरी म्हणालं, हौसामावशी वाचतात, त्यांना द्या. मला वाचता येतं याचं गावात अजून कौतुक आहे. शाळेत मी गेले नाही. पुड्यांच्या कागदांवरची अक्षरं जुळवत बसायचे, तेव्हा तुमचा इंद्रजित सुट्टीला आला की आपलं जुनं पुस्तक माझ्यासाठी ठेवून जायचा. म्हणायचा, "मामी, जोडाक्षर आलं की थांबायचं न्हाई, उडी मारायची." त्या उड्या मारत मारत मी वाचायला लागले.

तर मी उभी राहून वाचत होते. भाजणं झालं, रक्त झालं, फिट झाली. मग पान उलटलं. आमच्याकडे घरात त्याचं नाव घेत नाहीत, लांबडं म्हणतात. पुस्तिकेत सरळ साप असं छापलं होतं. घट्ट बांधू नका, कापू नका, चोखू नका, खायला-प्यायला देऊ नका, चालवू नका, हलू देऊ नका, लगेच मोठ्या सरकारी दवाखान्यात न्या. इथपर्यंत वाचलं. त्याखाली मण्यारीचं होतं. जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दुखत नाही, सूज येत नाही, मुंगी चावल्यासारखं वाटतं. सकाळी पोटात दुखतं, पापण्या जड होतात, गिळता येत नाही. असं दिसलं तर काही चावलं होतं का, हे विचारा आणि डॉक्टरांना सांगा.

मी म्हटलं, चष्मा धुरकट झालाय.

रेश्मा मागून म्हणाली, "हिच्या मालकाला तेच लागलं व्हतं की. भाच्यानं वाटंत तासभर त्या बारक्या दवाखान्यात बसवून ठेवलं. सरळ पुण्याला नेला असता तर मानूस हितं असता." दोन-तीन जणी व्हय व्हय म्हणाल्या. जुईलीने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "उरलेलं पान उद्या वाचू, मावशी." मी बसले. बसल्यावरही काही बोलले नाही. वर्षभर बोलले नाही, तशीच.

वन्सं, आता लिहिते.

मागच्या पावसाळ्यात पडवीची जमीन ओली झाली होती. भाताच्या पोत्यांना बुरशी धरेल म्हणून मी ती आत आणून खाटेवर रचली. सहा पोती. ते म्हणाले, "मग मी कुटं निजू?" मी म्हटलं, "चार दिस खाली निजा, भात खाली निजलं तर वर्सभर काय खायाचं?" ते म्हणाले, "भात खाटंवर आन मालक भुईवर, बरं राज्य हाय तुजं." चार दिवसांचे तीन आठवडे झाले. भातामागे उंदीर आले. उंदरांमागे ते आलं. हे मला तेव्हा सुचलं नाही असं मी सांगत होते. उंदीर दिसत होते. सुचलं होतं.

त्या सकाळी हंड्याचं बोलणं झालं, त्याच्याही आधी, मी गोठ्याकडे निघाले तेव्हा ते म्हणाले, "पहाटं कानामागं कायतरी टोचलं गं." मी बघितलं नाही. म्हटलं, "मुंगी आसंल."

इंद्रजित भूगावला भाडं सोडून अर्ध्या तासात आला. त्याने मामाला उचलून गाडीत घातलं. म्हणाला, "मामी, सरळ पुण्याला जाऊ." मी म्हटलं, "न्हाई, पित्त हाय, वाटंत डाक्टर हाय, तितं दाखवू." तो दोनदा म्हणाला. मी दोनदा नको म्हटलं. तो माझं ऐकतो, तुम्हाला माहीत आहे.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारलं, "काही चावलं होतं का?" मलाच विचारलं, कारण ह्यांची जीभ तोपर्यंत वळत नव्हती. मी म्हटलं, नाही.

तेव्हा ह्यांनी हात उचलला. कानाकडे न्यायला लागले. फार हळू. मी तो हात धरला आणि परत मांडीवर ठेवला.

डॉक्टरांना वाटलं असेल मी धीर देते आहे. इंद्रजित तेव्हा बाहेर गाडी सावलीत लावत होता. त्याने हे बघितलं नाही. कोणीच बघितलं नाही. मला त्या क्षणी कळलं होतं, वन्सं. ते काय आहे ते कळलं होतं. चावलं म्हटलं असतं तर कुठे निजले होते हे निघालं असतं, आणि खाटेवर काय होतं हेही. एवढाच विचार होता. माणूस जाईल हा विचार नव्हता. डॉक्टर पित्ताचं इंजेक्शन देऊन म्हणाले, तासभर बघू. डॉक्टरांची चूक नाही. मी जे सांगितलं त्याचंच त्यांनी औषध दिलं. पुढे चांदणी चौकाच्या अलीकडे श्वास थांबला. मोठ्या दवाखान्यात गेल्यावर कानामागचे दोन ठिपके तिथल्या डॉक्टरांनी दाखवले.

नंतर गाव म्हणालं, भाच्यानं मामा घालवला. तुमच्यासमोर म्हणालं. इंद्रजित माझ्याकडे बघत होता. मी भिंतीकडे बघत होते. त्याने गाडी विकली आणि आता सोसायटीच्या गेटवर बसतो, हे रेश्माकडून कळलं. पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही म्हणे.

मला रडू येत नाही. तेव्हाही आलं नाही. जेवते, झोपते, शेण काढते. पत्र इथे थांबवते, उद्या टाकीन.

शनिवार, १३

पत्र टाकलं नव्हतं म्हणून खाली लिहिते.

आज शाळेत गेले. जुईलीने काही विचारायच्या आधी पुस्तिका मागून घेतली आणि ते पान पहिल्यापासून वाचलं. उडी मारली नाही. वाचून झाल्यावर खाटेचं सांगितलं, कानामागचं सांगितलं, हात खाली ठेवल्याचं सांगितलं. मालकांचं नाव घेऊन सांगितलं, चंद्रकांत. रेश्मा म्हणाली, "आन मग पोरगा?" मी म्हटलं, "पोराला मी जसं सांगितलं तसं त्यानं केलं. त्याच्यावर काय न्हाई." कोणी हसलं नाही. मग जुईलीने बाहुली पुढे सरकवली आणि मी गुडघे टेकून तिची छाती दाबली, ती मोजत होती तोवर.

घरी येऊन खाट उन्हात काढली.

हे पत्र इंद्रजितला द्या. तुम्ही फाडलंत तरी चालेल, पण त्याने वाचल्यावर.

त्याची मामी,
हौसा