वन्संची पाठ, शिवूची पावलं

कोल्हापूर, ४ मे १९९८

ती. शालनवन्संना दीप्तीचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

शिवूला ह्यांच्याबरोबर सुट्टीला पाठवते आहे. दुसरीत गेली तरी वर्गात बसत नाही, बाकावरच चढते. डॉक्टर म्हणाले, वांड नाही ती, लक्षच एका जागी टिकत नाही, अंगाला हालचाल हवी. बाईंनी मात्र बजावलंय, जूनमध्येही असंच चाललं तर दाखला घेऊन जा. शाळेची घंटा ऐकली तरी माझी मान आखडते. तुमची पाठ कशी आहे? मिरच्यांचे देठ खुडत दिवसभर बसू नका.

माया आहे तशीच राहू द्या.
दीप्ती

गडहिंग्लज, १३ मे

चि. सौ. दीप्तीस अ. उ. आशीर्वाद.

माझ्या जयसिंगाची लेक म्हणजे वारं हाय बाई! माठ फोडला, शेजारच्या धोंडुबाईच्या कोंबड्या पत्र्यावर चढवल्या. पण गंमत ऐक. परवा पाठ उठू देईना, तवा तिला म्हटलं, चढ आणि तुडव. तिनं उड्याच मारल्या, मी बोंबलले! मग शिकवलं, मी श्वास सोडला की मगच पाऊल टाकायचं, हळू. पोरगी गप्प झाली की गं! आता रोज आपणहून सतरंजी अंथरती. पाठ काय बरी व्हायची न्हाय, पण कूस तरी बदलता येती.

आठवण ठेव, पत्र धाड.
तुझी वन्सं, शालन

कोल्हापूर, १९ मे

ती. वन्संना शि. सा. नमस्कार, वि. वि.

रागानंच लिहिते आहे. पोरगी सुट्टीला पाठवली, पाठ तुडवायला नाही. आणि मोठ्या माणसाच्या अंगावर पाय? तिला जूनमध्ये बाकावर बसायचंय, पाठीवर उभं राहायचं नाही. रोज लिहायला बसवा. हे म्हणतात मी उगीच चिडते, पण घोर मलाच आहे ना?

बोलले ते पोटात घाला, माया आटू देऊ नका.
दीप्ती

गडहिंग्लज, २५ मे

चि. सौ. दीप्तीस अ. उ. आशीर्वाद.

तुझा राग पोचला. काळजीपोटी हाय, मी मनावर घेतला न्हाय. पाय देण्याआधी ती मला नमस्कार करती, तुझंच वळण की. तू म्हणालीस म्हणून लिहायला बसवलं, तर पेन्सिल चावून पळाली. काल मात्र स्वतःच बसली, दोन्ही पाय फरशीला टेकवले, श्वास सोडला आणि ओळ लिहिली. मग पुन्हा श्वास, पुन्हा ओळ. शनिवारी एस्टीनं आणून सोडते. तू वेळेवर जेव.

आशीर्वाद हायतच.
शालन

कोल्हापूर, ११ जुलै

ती. वन्संना शि. सा. नमस्कार, वि. वि.

दाखला घ्यावा लागला नाही! अजून मधेच उठते, म्हणून बाईंनी तिला वह्या वाटायचं काम दिलंय. पण पाय टेकवून गणिताचा तास बसते. हे कुणी शिकवलं म्हणून बाईंनी विचारलं, मी तुमचं नाव सांगितलं.

काल माझी मान फारच आखडली. शिवूनं सतरंजी अंथरली, मला पालथं झोपवलं, नमस्कार केला आणि पाठीवर चढली. पण पाऊल टाकेचना. विचारलं, तर म्हणाली, आई, तू श्वास सोडतच नाहीस, मी थांबलेय. वन्सं, माझी शिवू थांबली होती हो! मी सतरंजीत तोंड खुपसून रडले, तेव्हा कुठे श्वास सुटला आणि तिनं पहिलं पाऊल टाकलं.

गणपतीला या. तुमच्यासाठी सतरंजी धुऊन ठेवली आहे.
तुमचीच, दीप्ती