बाळंतिणीच्या हातातली बेडी

आये, काल मी एका पोलिसाला ढकललं. चांगलं दोन्ही हातांनी, छातीवर. तो बाळंतखोलीच्या दाराबाहेर भिंतीवर जाऊन आदळला. आता सरकारी कामात अडथळा आणला म्हणून माझ्यावर गुन्हा दाखल होईल, होऊ दे, मी वकील आहे, बघून घेईन. पण ढकलताना तोंडातून जी शिवी निघाली ती अगदी तुझी होती, तुझ्याच हेलात. तू जाऊन इतकी वर्षं झाली तरी ती माझ्या तोंडात तयार बसलेली होती, याचंच मला नवल वाटलं. म्हणून तुला लिहायला घेतलंय.

जिच्यापायी हे झालं ती बाई रिहे गावाच्या वरच्या वाडीतली. नवरा एका फार्महाऊसवर राखणदार होता. दारू प्यायला की हिच्या पोटावर लाथा घालायचा, 'माझं न्हाईच ते' म्हणायचा. एका दुपारी हिच्या हाताशी कोयता होता. मानेवर एकच घाव बसला आणि तो उंबऱ्यातच आडवा झाला. पोलीस येईपर्यंत ती त्याच्याशेजारी बसून होती, पळाली नाही. मी तिची सरकारनं दिलेली वकील. जेलात पहिल्यांदा भेटले तेव्हा तिचा ओठ फाटलेला होता. दिवस गेलेली बाई, जास्तीची भाकरी मागितली, तर तिथल्या महिला शिपायानं तोंडावर पट्टा मारला. वर म्हणाली, 'नवऱ्याला खाल्लंस, त्यानं पोट भरलं न्हाई का?' मी तक्रार केली. त्या शिपाईबाईची बदली झाली. नवी आली ती हिला केस धरून ओढायला लागली. गावात गेले की बाया मला विचारतात, खुनी बाईचे कसले गं हक्क? मी म्हणते, खून केला का नाही ते कोर्ट ठरवील, शिक्षाही कोर्टच देईल, पण पट्टा मारायचा अधिकार कुणी दिला? पण पटत नाही कुणालाच.

काल तिला तारखेला आणलं होतं. कोर्टाच्या बाकावरच पाणमोट फुटली. हातातलं काम टाकून मी सरकारी दवाखान्यात पोचले तर तिचा उजवा हात खाटेच्या लोखंडी दांड्याला बेडीनं अडकवलेला. कळ आली की ती हात ओढायची, मनगट सोलून निघालं होतं, चादरीवर रक्ताचे ओघळ. नर्स तिच्या मांड्यांवर फाडफाड चापट्या मारत होती, 'आता कशाला बोंबलतीस? कोयता उचलताना न्हाई बोंबललीस!' आणि तो पोलीस दारात उभा राहून उघड्या बाईकडं बघत होता. त्याला ढकलून बाहेर घातला आणि आतल्या महिला पोलिसाला म्हटलं, बेडी काढा.

"ऑर्डर न्हाई, मॅडम."

मी तिला सांगितलं, कोर्टाच्या परवानगीशिवाय कैद्याला बेडी घालताच येत नाही, कुठाय परवानगी, दाखवा. ती ढिम्म हलली नाही. "पळाली तर माझी नोकरी जाईल. तुमी देनार का नोकरी?"

"अगं, लेकराचं डोकं दिसायला लागलंय, पळतीय कुठं ती!"

ती खिशातल्या किल्लीवर हात दाबून उभी. आणि मला तू दिसायला लागलीस. तू सुईण म्हणून कुणाच्या घरात शिरतेस आणि दारातूनच ओरडतेस, 'सोडा समदं!' कुलपं, ट्रंकेची कडी, बाळंतिणीची वेणी, दाव्याला बांधलेली म्हैस, दारात उभ्या पोरींच्या रिबिनीसुद्धा. घरात काही बंद राहिलं की बाई अडते, असं तू म्हणायचीस. मी लहानपणी तुझ्याबरोबर यायचे, गाठी सोडायचं काम माझं. एरवी तुला पाणी वरून ओतणाऱ्या घरातही तेव्हा तुझाच हुकूम चालायचा. मुळशीच्या एका घरात 'पुन्ना पोरगी झाली तर बघ' म्हणत नवऱ्यानं अडलेल्या बाईवर हात उगारला, तर तू कोपऱ्यातलं मुसळ उचलून त्याच्या गुडघ्यावर असं हाणलंस की तो मटकन खालीच बसला. "ती मोकळी हुईस्तवर हितं कुनी हात उचलायचा न्हाई," म्हणालीस. तो लंगडत गेला आणि गुमान म्हैस सोडून आला.

मी त्या महिला पोलिसाला विचारलं, कुठल्या हो तुम्ही? घोटावड्याची, म्हणाली. तुमच्याकडं बाई अडली की काय करतात? ती बेडीकडं बघायला लागली. तोंड उतरलं तिचं. "कुलपं काढत्यात," असं पुटपुटली आणि किल्ली काढली. पहिल्यांदा किल्ली लागेना. शेवटी बेडी निघाली. मला आनंद व्हायला हवा होता, पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एवढी शिकले, कलमं पाठ केली, त्या कलमांना ती भ्याली नाही, अपशकुनाला भ्याली! उद्या दुसरी कैदी तापानं फणफणत असेल, तिच्या पोटात लेकरू नसेल, तर तिची बेडी मी कशानं काढू?

मुलगी झाली, चांगली मोठ्यानं रडली. मी ओलं फडकं घेऊन त्या बाईच्या कपाळावरचा घाम पुसायला वाकले. तर तिनं तो नुकताच सुटलेला, रक्ताळलेला हात उचलला आणि कोपर पुढं करून तोंड झाकलं. डोळे गच्च मिटून म्हणाली, "मारू नगा."

आये, तिला काही विचारावं लागलं नाही. मी तुझ्यासमोर असंच कोपर धरायचे. गाठ सोडायला उशीर झाला, पाठीत फुंकणी. भाकरी करपली, फुंकणी. पंचक्रोशीतल्या बाया तुझ्या पाया पडायच्या, आणि दिवेलागणीला तुझी पावलं वाजली की मी चुलीमागं सरकायचे. लोक म्हणतात, पोरगी आईच्या वळणावर गेली, आणि मला ते ऐकायला आवडतं, हेही खरंच. हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही. तू जिवंत असतीस तर तुलाही नसतं दिलं. मला तुझी फार भीती वाटायची. अजून वाटते. एवढ्या वयाची झाले, तरी हे लिहायला बसताना खुर्ची फिरवून दाराकडं तोंड करून बसलेय.