हिचा चेहरा, पत्र्यात

५ जानेवारी
लोक म्हणतात, सोड्या-बियरचे रिकामे डबे म्हणजे फुकटचा माल. आज खरा हिशेब मांडला. गेल्या खेपेला डब्यांच्या पत्र्यात उठवलेल्या एका चेहऱ्याला गेले: सात डबे (पैकी सहा फाटले), अंगठ्याला दोन चिरा, दोन दुपारी, आणि आखडलेली मान. डबे विसळायला पूर्वी ही असायची. ते धरलं तर परवडतच नाही.

९ जानेवारी
२५ ला हिचं वर्षश्राद्ध. दवाखान्यातला सुजलेला फोटो भिंतीवर नको. पत्र्यात हिलाच उठवणार. लेक सविता बावड्याहून फोनवर: जुने फोटो मोबाईलवर पाठवलेत, बघून करा. म्हटलं, तेहतीस वर्षं संसार केलाय, चेहरा हाताला पाठ आहे. उघडलेसुद्धा नाहीत.

१३ जानेवारी
रज्जाकभाई भंगारवाल्यांनी न चेपलेले डबे वेगळे काढून दिले. बियरचे परत केले. हिनं जन्मभर त्या वासाला शिव्या घातल्या, तिला त्यात कुठं बसवू? लिंबूसोड्याचे घेतले.
सायकलची जुनी ट्यूब खाली, वर पत्रा, हातात शाई संपलेलं पेन. मागून दाबायचं तेव्हा पुढं उठतं, म्हणून चित्र उलटं घेतलं. हनुवटीवरचा तीळसुद्धा. नवशिके इथंच फसतात. आपण नाही.
पत्रा फाटायच्या आधी बारीक कुरकुरतो. तेवढं ऐकू आलं की हात थांबतो. नाक एका दमात.

१७ जानेवारी
डोळे जमेनात. मिटून आठवायला बसलो, तर दिसायच्या आधी ऐकू येते. बांगड्या. एक चप्पल घासत चालणं. पाठीमागून, "आवो, च्या निवला की." मी मान वर न करता म्हणायचो, ठेव.
दोन पत्रे फाटले. कुरकुर ऐकलीच नाही.

२१ जानेवारी
झाला. मागच्या खळग्यांत लांबीची पुट्टी भरली, आता चेपायचा नाही. रज्जाकभाई पोतं खाली ठेवून बराच वेळ बघत राहिले. "लोकं डबं ढोसून फेकत्यात, तुमी त्यात जीव घालतासा. वैनीच बसल्यात की हो." फोटो न बघता केलाय म्हटलं. गल्लीत आणखी दोघांना सांगून आलो.

२४ जानेवारी
सविता उद्याचं सामान घेऊन आली. चेहऱ्यापुढं उभी राहिली. "छान झालंय, आप्पा." मग आत गेली.
माझे कान म्हणजे वैरी. स्वयंपाकघरात ती नवऱ्याशी फोनवर, हळू: "आईचा तीळ उजवीकडं काढलाय आप्पांनी. उद्या तुमी कायबी बोलू नका." लगेच मिक्सर सुरू.
जेवताना मीच विषय काढला. अगं, पत्रा मागनं उठवतात, गडबडीत उलटं झालं बघ. ती ताटाकडं बघत म्हणाली, "व्हय की. कोण बगतंय एवढं."

२५ जानेवारी
विधी झाला. पाटावर दवाखान्यातलाच फोटो. चेहरा पेपरात गुंडाळून कपाटावर. रज्जाकभाईंनी विचारलं, कुठाय? म्हटलं, लांबी वाळतीय. जाताना दारात डबे ठेवून गेले, सगळे लिंबूसोड्याचे.
संध्याकाळी सविताचे फोटो उघडले.
उलटं घेताना चूक झाली नव्हती. माझ्या मनातच तो उजवीकडं होता.
पाच फोटो आहेत. पाचही फोटोंत तीळ डावीकडं.