पलंगाचे चार पाय

रविवार, ६ मार्च १९८३

परत आल्या. लाल मुंग्या. सकाळी यांची चादर बदलायला घेतली तर डाव्या पोटरीवर ओळच्या ओळ, आणि हे छताकडं बघत शांत पडलेले. "काही चावत नाही का?" विचारलं. म्हणाले, "कोण?"

संक्रांतीनंतर लकवा झाला तेव्हापासून डाव्या अंगाला काहीच कळत नाही. झटकून पाहिलं तर सगळी पोटरी लालबुंद. रडू आलं नाही, राग आला. लकव्यानं अर्धं अंग नेलं. पण नेलं म्हणजे काय मुंग्यांना दिलं?

ठरवलं. या पलंगावर मुंगी चढू द्यायची नाही. बघतेच!

मंगळवार, ८ मार्च

शेजारच्या महादेवी अक्का डबा घेऊन आल्या. पांढरी पावडर. "आमच्या घरचे तुरीवर मारतात हे. चिमूटभर टाक बाई, एक उरायची न्हाई." चांगल्या मनानं आणला. पण यांचा डावा हात पलंगाखाली लोंबतो, कुठं घासला ते यांना कळत नाही, आणि तोच हात उजव्या हातानं उचलून हे छातीवर ठेवतात, तोंडाशी ठेवतात. डबा परत केला. अक्कांना लागलं. लागू दे. विष नको. घरात आहे त्यातच भागवायचं.

बुधवार, ९ मार्च

हळदीची रेघ ओढली. वळसा घालून गेल्या.

शुक्रवार, ११ मार्च

दुधाच्या कपाटाखाली ठेवतो तशा पलंगाच्या चारी पायांखाली जर्मनच्या वाट्या ठेवल्या. सटवाजी भावजींनी — माझे धाकटे दीर, एस.टी. डेपोत आहेत — यांच्यासकट पलंग एकेका बाजूनं उचलला. वाट्यांत पाणी ओतलं, आणि आत्याबाई, माझ्या सासूबाई, दारातून कडाडल्या. "माणसाला प्यायला पाणी न्हाई अन् ही पलंगाला पाजून राहिली!"

सासूबाईंचं चूक नाही. टँकर आला तर आला. लातूर जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, साहेब आले, उस्मानाबादहून कागदांची कपाटं ट्रकमध्ये लादून त्यांच्यासोबत हेही शिपाई म्हणून आले. पाणी तेवढं यायचं राहिलं.

शेवटी तांदूळ धुतलेलं पाणी वाट्यांत घालायचं ठरलं. दुपारी शाळेत शिकवून घरी आले तर वाट्या ठणठणीत कोरड्या. उन्हानं पिऊन टाकलं. वर तांदळाच्या वासानं मुंग्या वाटीत उतरलेल्या! स्वतःवरच हसले.

सोमवार, १४ मार्च

डॉक्टर येऊन गेले. टाचणी काढली. उजव्या पायाला टोचली, कळतंय का विचारलं, हे "हाव" म्हणाले. डाव्या पायाला टोचली, "हाव". मी पुढं सरकून बघायला लागले. मग डॉक्टर म्हणाले, डोळे मिटा. मिटले. "कळतंय?" "हाव."

डॉक्टर टाचणी हातात धरून नुसतेच उभे होते.

जाताना दारात मला म्हणाले, आधी संवेदना परत यायला हवी, मग जोर येईल. संवेदनाच नाही आली तर अवघड आहे. आत आले तर हे भिंतीकडं तोंड करून. "तुला बरं वाटावं म्हणून म्हणलो," म्हणाले. डोक्याला तेल लावून दिलं.

गुरुवार, १७ मार्च

भावजींनी डेपोतून डबीभर ग्रीस आणलं. बसच्या चाकाचं, काळंकुट्ट. पलंगाच्या प्रत्येक पायाला पट्टा लिंपला. पातळाचा काठ खराब झाला, तो गेलाच. पण मुंगी पट्ट्यापर्यंत येते, मिशा हलवते, माघारी फिरते! शेजारच्या पोरांसारखी मी अर्धा तास खाली बसून बघत होते. आत्याबाई म्हणाल्या, "येडी झाली का तू?"

शनिवार, १९ मार्च

आज पुन्हा. यांच्या डाव्या दंडावर, मानेवर. पायांवरून एकही चढलेली नाही, मग आल्या कुठून? स्टुलावर बसून राहिले. आणि दिसलं.

दोरी! डॉक्टरांच्या सांगण्यावरून मीच खिडकीच्या गजाला बांधलेली. उजव्या हातानं ती ओढून हे उठून बसतात. तिच्यावरून रांग लागलेली, खिडकीतून थेट यांच्या अंथरुणावर. मीच पूल बांधून दिला होता.

गाठ सोडायला लागले तर यांनी दोरी घट्ट धरली. "दोरी सोडू नको. एवढं एक माझं मी करून राहिलो. मुंग्या चावल्या तर मला कुठं कळतं?"

"मला कळतं," मी म्हणाले.

दोरी राहिली.

रविवार, २० मार्च

सुट्टी. आज निकाल लावायचाच म्हणून कंबर कसली. आत्याबाईंना चष्मा लावून खिडकीशी बसवलं. त्यांनीच शोधलं — चौकटीखाली गिलावा फुटलाय तिथून निघतात. आधी साबणाच्या फडक्यानं रांगेची सगळी वाट पुसून काढली. वाट पुसली की मागच्या मुंगीला पुढची कुठं गेली ते उमगत नाही, नुसती गोल फिरते. मग भोक चुन्यानं बुजवलं. दोरीला गजापाशी चिंधी गुंडाळली, तिच्यावर कडुनिंबाचं तेल. काय तो वास!

हे नाक दाबून म्हणाले, "मुंग्या राहू दे, या वासानं मीच पळून जातो."

"पळा की," म्हटलं. "तेच तर पाहिजे."

आत्याबाई हसल्या. संक्रांतीनंतर पहिल्यांदा.

मंगळवार, २९ मार्च

एकही नाही.

बुधवार, ६ एप्रिल

नाही. ग्रीसवर धूळ बसली होती, पुसून नवं लावलं. बिस्किटाचा चुरा पडू द्यायचा नाही, औषधाची बाटली पुसून ठेवायची, असं आत्याबाईंना सांगितलं. "मला शिकवू नको," म्हणाल्या, आणि बाटली पुसली.

गुरुवार, १४ एप्रिल

यंदा पाडवा आणि बाबासाहेबांची जयंती एकाच दिवशी. मिरवणूक गल्लीच्या तोंडावरून गेली. दर वर्षी उस्मानाबादला हे सगळ्यांच्या पुढं असायचे. आज दोरीला धरून बसले आणि आवाज लांब जाईपर्यंत बसूनच राहिले. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

दुपारी महादेवी अक्का रुसवा सोडून आल्या. साखरेची गाठी यांच्या हातात दिली. बरं वाटलं.

शुक्रवार, १५ एप्रिल

सकाळी पाहिलं तर डाव्या बाजूनं पाठीखाली मुंग्यांचं वारूळच! अक्कांनी गाठी दिली होती डाव्या हातात. हातातून सुटली ते यांना कळलं नाही, पाठीखाली गेली, घामानं विरघळली. दोरीवरचं तेल सुकलं होतं, तिच्यावरूनच आल्या असतील. पाठ बघवेना. खोबरेल लावलं. गादी, उशी, चादर, सगळं उन्हात टाकलं. या उन्हाचा एवढा तरी उपयोग! परत साबण, परत चुना, परत कडुनिंब. अक्कांना काही बोलले नाही.

सोमवार, १८ एप्रिल

डॉक्टर. टाचणी. या वेळी यांनी आपणहून डोळे मिटले, आणि खरं तेच सांगितलं. "न्हाई."

डॉक्टर म्हणाले, आता आहे त्याचीच सवय करून घ्या.

आत्याबाई पदर तोंडात कोंबून बसल्या. मी ग्रीसची डबी काढली आणि चारही पाय परत लिंपले. यांना कळो न कळो, मुंगी चढणार नाही म्हणजे नाही.

शनिवार, २३ एप्रिल

एकही नाही.

रविवार, २४ एप्रिल

दुपारी पोरांच्या परीक्षेचे पेपर तपासत बसले होते. हे डोळे मिटून पडलेले. मला वाटलं झोप लागली. म्हणाले, "अगं, मुंगी चावली."

"कुठं?"

"पायाला. डाव्या."

चादर उचलली. पोटरीवर एकच होती. लाल. मी बघतच राहिले.

"बघत काय बसली? काढ की! लई आग होऊन राहिली!"

काढली. पण लगेच नाही काढली.