भेगेवरची काच

रुडनोवित्से, ९ नोव्हेंबर १९९४

चि. रुफिनास अ. उ. आ.

समुद्राची हवा मानवली म्हणायची तुला. लेकाकडे बसून मासे खातोस, खाणीतला माणूस शोभत नाहीस हो.

इथं खाण बंद झाली तरी गाव खाली चाललंय. चर्चचा मनोरा कलला म्हणून घंटा वाजवत नाहीत. माझ्या स्वयंपाकघरातल्या भेगेवर खाणीच्या कचेरीतल्या माणसानं काचेची पट्टी बसवली, खाली तारीख घातली. काच तडकली की भिंत हलली, त्याच दिवशी घर सोडायचं, असं बजावून गेला. नव्या वसाहतीत तिसरा मजला देतायत. माझी कबुतरं कुठं ठेवू?

मी हलणार नाही. माझा कोनराद मरेपर्यंत सांगत होता, आपल्या घरांच्या ओळीखालचा कोळसा घरं तोलायला राखून ठेवलाय, कुणी हात लावलेला नाही. तू त्याच्याच तुकडीत होतास, तुला ठाऊकच आहे.

लोभ आहेच, पत्रं धाडून तो वाढव.

तेक्लाताई

*

ग्दिन्या, १५ नोव्हेंबर

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तिसरा मजला घे. कबुतरांचं मी बघतो. कोनराद काय म्हणायचा ते सोड, म्हातारपणी माणूस काहीही बोलतो. कारण विचारू नकोस, धाकट्याचं एकदा तरी ऐक. माझी झोप उडाली आहे.

कृपा असू दे.

रुफिन

*

रुडनोवित्से, २१ नोव्हेंबर

चि. रुफिनास आशीर्वाद, रागावले असले तरी.

मेलेल्या माणसाला खोटं पाडतोस? तुझ्या मेव्हण्यानं मला कधी फसवलं नाही.

मंगळवारी काच तडकली. केसाएवढीच. मी काय कच्च्या गुरूची चेली नाही. कबुतरखान्याच्या खिडकीची काच कापली, चुन्यात बसवली, जुनी तारीख हुबेहूब काढली. कचेरीवाला आला, बघून खूश होऊन गेला. वरच्या मजल्यावरची गित्ता तान्ह्या मुलीला घेऊन जायला निघाली होती. तिलाही मी कोनरादचा शब्द सांगून थांबवलं.

चार तारखेला आपल्या खाणवाल्यांच्या संत बार्बराचा सण. खाणीच्या गणवेशाची पिसांची टोपी घालून ये. बटाट्याचे गोळे आणि लाल कोबी करते.

माया आहे म्हणून बोलते.

तेक्लाताई

*

ग्दिन्या, २५ नोव्हेंबर

ताई,

मायना घालायची लाज वाटते. तुमच्या ओळीखाली कोळसा नाही. एकोणऐंशी साली मी आणि कोनरादनं तो काढला. वर्षाचा आकडा भरत नव्हता, साहेबांनी हुकूम सोडला. नकाशावर तो राखलेलाच दाखवला. आम्ही डोक्यावर आपलंच घर आहे हे मोजून ओळखलं आणि तरी काढला. बक्षीस म्हणून रांगेशिवाय टीव्ही घ्यायची चिठ्ठी मिळाली. तो टीव्ही आला त्या दिवशी तू गल्लीभर केक वाटलास. दोघांनी शपथ घेतली की तुला कळू द्यायचं नाही.

पत्र खाली ठेव, गित्ताला मुलीसकट बाहेर काढ, कचेरीवाल्याला खरी काच दाखव. मग मला हव्या तेवढ्या शिव्या घाल.

तुझा रुफिन

*

रुडनोवित्से, शाळेची व्यायामशाळा, १ डिसेंबर

चि. रुफिनास,

पत्र जिन्यातच वाचलं. आधी वर गेले. गित्तानं काही न विचारता मुलीला शालीत गुंडाळलं. मग कचेरीत जाऊन माझी करामत कबूल केली. तो माणूस ओरडला नाही, खुर्चीवर मटकन बसला. काल दुपारी स्वयंपाकघराची भिंत खाली गेली. वर पाळणा होता, रिकामा. तुम्ही कोळसा काढलात, पण काच मी बदलली. ते माझ्याकडेच राहील.

कबुतरं दोन दिवस छपरावर घिरट्या घालत होती, आज पाच शाळेकडे आली. टीव्ही मी आणला नाही.

एक गोष्ट आठवते आहे. त्याच साली कोनरादनं आमचा पलंग दाराशी हलवला आणि मला दाराच्या बाजूला झोपवायला लागला. गार वारा लागतो म्हणून मी दहा वर्षं कुरकुरले. तो भिंतीकडे झोपायचा. मला वाटायचं, त्याला ऊब हवी असते.

सणाला ये. टोपी घरी ठेव. लोभ तुटलेला नाही, पण राग समोर बसून काढायचा आहे.

तुझी ताई