बाजूच्या सीटवरची खाज

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला गेला का? आम्ही ठीक. फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तू मला मध्येच तोडतेस. विषय तुझ्या नावडीचा आहे, तरी कपाळाला आठ्या न घालता शेवटपर्यंत वाच.

गेल्या वर्षी मला खाज सुटली. (जिथलं नाव आपल्या घरात कधी कुणी घेतलं नाही, तिथे.) पांढरा, फुटलेल्या दुधासारखा स्राव आणि लघवीला आग. आता मी पडले गाडी शिकवणारी. दिवसभर शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं, त्यात ती गणवेशाची घट्ट, घाम न शोषणारी पँट. मी जरा चुळबुळ केली की समोरच्याला वाटायचं आपलं काही चुकलं, आणि तो करकचून ब्रेक दाबायचा. एका निवृत्त हेडमास्तरांनी तर भर चौकात सहा वेळा गाडी थांबवली आणि वर माझीच माफी मागितली.

मला वाटलं, ही अस्वच्छता. लहानपणी तू मला घासून घासून अंघोळ घातलीस, त्यामुळे घासणं हा एकच इलाज मला ठाऊक. साबण झाला, फरशीचं जंतुनाशक पाण्यात घालून झालं (हसू नकोस, मी रडत होते), आणि आग दुप्पट झाली. मग औषधाच्या दुकानात गेले आणि मैत्रिणीसाठी हवंय म्हणाले. दुकानदारानं त्रास विचारला, तर माझ्या तोंडून एवढंच निघालं की तिला बसवत नाही. त्यानं मूळव्याधीचं मलम दिलं. (चार दिवस लावलंसुद्धा.)

असे तीन आठवडे काढले, ताई, आणि ते फक्त तुझ्या भीतीनं. शेजारच्या वहिनींना हेच झालं तेव्हा 'असलं काही उगाच होत नाही' असं तू म्हणाली होतीस. ते माझ्या डोक्यातून जात नव्हतं.

शेवटी डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी तपासलं, कापसाच्या काडीवर नमुना घेतला आणि सांगितलं की ही यीस्टची बुरशी, ती अंगात असतेच. अँटिबायोटिक घेतलं, साखर वाढली, दिवस गेले किंवा कपडे सतत दमट राहिले की ती माजते. (मी दाढेसाठी गोळ्या घेतल्या होत्या.) वागणुकीचा काही संबंध नाही. मात्र घाण वास, ताप किंवा ओटीपोटात दुखणं असेल तर आजार वेगळा असू शकतो, म्हणून अंदाजानं औषध घ्यायचं नाही. त्यांनी सहा रात्री आत ठेवायच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्या रात्री खाज थांबली, म्हणून मी उरलेल्या जपून ठेवल्या. आठवड्यात सगळं परत हजर. "पुढच्या जन्मासाठी ठेवल्या होत्या का?" असं बाईंनी विचारलं. मग औषध पुरतं घेतलं, पँट सैल सुती शिवली, आतून साबण बंद केला आणि बरी झाले.

तुझी,
धाकटी

ता. क. माझं दुखणं जुनं झालं, ते एवढं उगाळायचं कारण नव्हतं. दहा दिवसांपासून तुझ्या लेकीला हाच त्रास आहे. ती तुझ्याच बाथरूममध्ये जंतुनाशक ओततेय, आणि तू बाहेरून पाणी किती सांडतेस म्हणून ओरडतेस. पत्र मिळेल त्याच दिवशी तिला डॉक्टरकडे ने.

ता. क. २. तुला सांगणार नाही असा शब्द मी तिला दिला होता. तो मोडलाय. रागवायचं तर माझ्यावर रागव. तिला काही विचारू नकोस, आणि तिथे गेल्यावर बाहेर बाकावर बसून राहू नकोस, तिच्याबरोबर आत जा.