बाई पायी निघाली म्हणजे भांडून निघाली

जवाहरनगर,
एप्रिलचा दुसरा रविवार

ती. गोदावरीअक्कांना सरिताचा सविनय जय भीम.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो की अजून खालच्या खोलीतूनच साकोलीचा कारभार चालतो, ते कळवा. इकडे माझी तब्येत उत्तम, तुमच्या बंधुराजांची त्याहून उत्तम. फक्त ते बुधवारपासून माझ्याशी बोलत नाहीत, त्यामुळे घरात शांतता आहे. फोन न करता पत्र लिहिते, कारण फोनवर तुम्ही बोलता आणि मी ऐकते. या वेळी उलट व्हावं अशी इच्छा आहे.

मी निवृत्त झाले, म्हणून जूनमध्ये फॅक्टरीचं हे क्वार्टर सोडायचं (क्वार्टर माझ्या नोकरीचं होतं, हे पाहुण्यांना सांगायला तुमचे बंधुराज नेहमी विसरतात). सूनबाईंची, म्हणजे तृप्तीची, बदली भंडाऱ्याला झाली आहे, आणि अनुपची नोकरी तर फिरतीची. तिनं स्पष्ट सांगितलं, की मोनूला शाळेत, मैदानावर, दुकानात पायी जाता येईल अशा वस्तीत घर मिळालं तर आपण सगळे एकत्र राहू. नाहीतर मोनू नागपूरला आजोळी राहील आणि ती रोज बसनं येणं-जाणं करेल. आजोळी म्हणजे विहीणबाईंकडे. त्या बाई सहा वर्षांच्या मुलाला अजून हातानं भरवतात, तेही टीव्ही लावून. असा नातू मला दिवाळीला पाहुणा म्हणून नको होता. मी छत्री उचलली आणि घर शोधायला निघाले.

आपला भंडारा जिल्हा तुटून निम्मा झाला, पण वाटणीत दलाल मात्र सगळे भंडाऱ्याकडे आले असावेत. त्यांतल्या ईश्वर नावाच्या एकानं मला मोटारसायकलवर बसवून हायवेपलीकडच्या नव्या ले-आउटमध्ये नेलं. घर देखणं, रस्ते रुंद, रस्त्यावर माणूस नाही. शाळा पाच मिनिटांवर, म्हणाला. मी म्हटलं, चला, चालून पाहू. पोहत जाऊ म्हटल्यासारखं त्यानं माझ्याकडे पाहिलं. थोडं चाललो तर समोर हायवे, त्यावर ट्रकमागे ट्रक, आणि शाळा पलीकडे. "पाच मिनिटं गाडीनं म्हणलो जी मॅडम," तो घाम पुसत म्हणाला, "पायी कोण जाते आता? पायी तं आमचा कुत्राही जात नाही, मांगं बसते." त्या कुत्र्याला माझा नमस्कार कळवून मी त्याचा निरोप घेतला.

मग ठरवलं, दलाल नको. खामतलावाकडच्या जुन्या गल्लीतून शाळेपर्यंत स्वतः चालून बघायचं, आणि शाळा सुटते त्या उन्हातच बघायचं. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर डोक्यावर पुस्तक ठेवून चालायला लावत. पाठ ताठ, नजर समोर, तोंड बंद. बुधवारी तशीच निघाले. क्वार्टरमध्ये जन्म काढलेल्या मला माझी चूक कळली नाही; तुम्हाला साकोलीत बसूनही कळेल. आपल्याकडे साठीची बाई इस्त्रीची साडी नेसून, भर उन्हात, एकटी, ताठ मानेनं चालत असली, तर ती घर शोधत नसते. ती घर सोडून निघालेली असते.

पहिला स्कूटरवाला थांबला. "बसा ना काकू, काहून पायी जाऊन राहिल्या?" मी नको म्हटलं, तर तो माझ्या चालीनं स्कूटर हाकत बाजूनं येऊ लागला. मग एक सायकलवाला, मग भाजीचा ठेला. मी कोणालाच काही सांगेना, त्यामुळे सगळ्यांना सगळं समजलं. शेवटी सत्यभामाबाई नावाच्या एका म्हातारीनं हात धरून मला आपल्या ओट्यावर बसवलं, गुळाचा खडा आणि पाणी दिलं, आणि पदरानं वारा घातला. स्कूटरवाला केवळराम आमच्या फॅक्टरीतलाच निघाला. त्यानं परस्पर तुमच्या बंधुराजांना फोन लावला, की लवकर या, काकू अजून बसस्टँडवर पोचल्या नाहीत.

ते बिचारे हेल्मेट डोक्यावर ठेवूनच धावत आले. सत्यभामाबाईंनी त्यांना ओटा चढू दिला नाही.

"पहिले ते डोक्शावरचं काढ. या वयात बायकोले उन्हात हाकलते? तुह्या मायनं काही शिकवलं नाही तुले?" (तुमच्या मातोश्रींचा उल्लेख आला, त्याबद्दल मी दिलगीर आहे.)

"अहो आजी, पण मी..."

"हो, मी, मी! हेच तं दुखणं आहे तुमचं. आन पाह्यना बाई, दिसते कसा गरीब गायीवानी!"

गल्ली जमली होती. ठेलेवाला भाजी मोजायची सोडून मान डोलावत होता. नाली उघडी, फूटपाथचा पत्ता नाही, एक गाढव रस्त्याच्या मधोमध उभं. तरी मी त्याच ओट्यावर बसून ती गल्ली पक्की केली. जिथे साठीची बाई चार पावलं एकटी चालली तर अख्खी वस्ती मागे लागते, तिथून सहा वर्षांचा मोनू शाळा चुकवून जाणार कुठे? तृप्तीलाही हे पटलं. विहीणबाईंना मी स्वतः कळवलं, गोड शब्दांत.

बाकी सर्व कुशल. घरातल्या लहानांना माझे आशीर्वाद सांगा, आणि मोठ्या तुम्हीच असल्यामुळे नमस्कार ठेवून घ्या.

तुमची भावजय,
सरिता

ता. क. : घर सत्यभामाबाईंचंच आहे, वरच्या तीन हवेशीर खोल्या. त्यांनी मला, तृप्तीला आणि मोनूला आनंदानं दिल्या. तुमच्या बंधुराजांना नाही. "तो मानूस माह्या घराचा जिना चढनार नाही," असं त्यांचं म्हणणं आहे. त्याची मोठी बहीण समोर येऊन हमी देत असेल तर विचार करीन, म्हणाल्या. तेव्हा येत्या रविवारी भंडाऱ्याला या आणि भाऊ सज्जन आहे एवढं सांगा. फार तपशिलात शिरू नका. तुम्ही तपशिलात शिरलात की त्यांचा सज्जनपणा टिकत नाही.

आणखी एक : तुम्ही विचाराल, मी तिथल्या तिथे खुलासा का केला नाही. करणारच होते. पण लग्नापासून जे मला कॉन्व्हेंटच्या भाषेत सांगता आलं नाही, ते सत्यभामाबाई इतक्या स्वच्छ झाडीबोलीत सांगत होत्या, की मध्ये तोंड घालणं मला असभ्यपणाचं वाटलं. म्हणून रविवारी दुपारच्या बसनं या. सकाळी त्यांनी तुमच्या बंधुराजांना पुन्हा बोलावलं आहे. त्यांचं अजून संपलेलं नाही.